थंड हवामान, जुना ट्रॅक्टर आणि इंजिन ऑइलची निवड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या डिझेल ट्रॅक्टरच्या अवर मीटरवर नऊ हजारांहून अधिक तास झाले आहेत. हिवाळ्यात पहाटेचे तापमान उणे २० ते उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. मी बारा महिने १५डब्ल्यू-४० ऑइल वापरतो. अलीकडे सेल्फ फार जड फिरतो आणि इंजिन सुरू झाल्यावरही ऑइल प्रेशरचा दिवा लवकर विझत नाही. काही जण ५डब्ल्यू-४० सुचवतात. पण झिजलेल्या इंजिनात पातळ ऑइल घातले तर प्रेशर उतरेल आणि गळती सुरू होईल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर आपल्या हिवाळ्यासाठी ५डब्ल्यू-४० हीच योग्य निवड आहे, आणि इंजिनाचे वय तिच्या आड येत नाही. मेकॅनिकची शंका अगदीच निराधार नाही. मात्र ती डब्यावरच्या दुसऱ्या आकड्याला लागू पडते आणि आपण बदलणार आहात तो पहिला. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा ऑइल गारठ्यात कसे वागेल हे सांगतो, तर शेवटचा ४० हा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. नवे ऑइल १५डब्ल्यू-४० असो की ५डब्ल्यू-४०, १०० अंशांवर त्याचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजण्याचे एकक) दरम्यानच असावा लागतो. त्यामुळे इंजिन तापल्यावर बेअरिंगांना मिळणारे संरक्षण आणि मीटरवर दिसणारे प्रेशर यांत लक्षात येण्याजोगा फरक पडू नये.

खरा फरक पहाटे पडतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या ऑइल-मानकानुसार १५डब्ल्यू ऑइलमध्ये क्रँक फिरण्याची चाचणी उणे २० अंशांवर, तर ऑइल पंपाकडे वाहून येण्याची चाचणी उणे २५ अंशांवर घेतली जाते. ५डब्ल्यूसाठी हीच तापमाने अनुक्रमे उणे ३० आणि उणे ३५ अंश आहेत. म्हणजे आपल्या सर्वांत थंड पहाटे सध्याचे ऑइल त्याच्या मर्यादेच्या टोकावर काम करते, आणि ही मर्यादाही नव्या ऑइलची आहे. काही महिने चाललेल्या ऑइलमध्ये काजळी साठते आणि काजळीने ऑइल आणखी घट्ट होते; भरपूर तास झालेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांच्या झिजेमुळे ती अधिक वेगाने साठते. जुन्या इंजिनाला गारठ्यात सहज वाहणाऱ्या ऑइलची गरज नव्यापेक्षा जास्त असते ती यामुळेच.

सेल्फ जड फिरणे हा त्रास डोळ्यांना दिसतो, पण अधिक घातक गोष्ट चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या, तळाशी घडते. पंप जाळीजवळचे ऑइल ओढून घेतो, तिथे पोकळी तयार होते आणि बाजूचे घट्ट ऑइल ती वेळेत भरून काढू शकत नाही. मग पंप हवा ओढू लागतो. इंजिन चालू असते, परंतु मेन बेअरिंग, वरचे रॉकर आणि टर्बोचा शाफ्ट यांच्यापर्यंत ऑइल पोहोचलेले नसते. आपल्याकडे दिवा उशिरा विझतो त्याचे हे एक संभाव्य कारण आहे. याशिवाय, फिल्टरमधून घट्ट ऑइल जाऊ शकले नाही की बायपास वाल्व्ह उघडतो आणि तेवढा वेळ न गाळलेले ऑइल इंजिनात फिरते. ५डब्ल्यू-४० अशा पहाटे फार पातळ पडेल ही भीती तर सोडूनच द्यावी, कारण उणे २० अंशांवर तेही तापलेल्या अवस्थेपेक्षा कित्येक पटींनी दाटच असते. मात्र इंजिन पूर्ण तापल्यावरही प्रेशर कमी राहत असेल, तर दोष पंप, रिलीफ वाल्व्ह किंवा बेअरिंगांत शोधावा. ऑइलचा डबा बदलून तो जाणार नाही.

गळतीविषयी एवढेच सांगतो की कडक झालेल्या सीलमधून मुख्यतः गरम ऑइल गळते, आणि गरम असताना दोन्ही ऑइलांचा दाटपणा जवळपास सारखाच असतो. ऑइल बदलल्यावर गळती दिसलीच तर सील बदलून घ्यावे.

खरेदी करताना डब्यावरचे एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) वर्गीकरण अवश्य वाचावे. सीके-४ हे वर्गीकरण डिसेंबर २०१६ पासून वापरात आहे आणि सीजे-४ किंवा सीआय-४ सांगितलेल्या जुन्या इंजिनांतही ते चालते. त्याच वेळी आलेले एफए-४ मात्र वेगळे आहे. ते इंधन बचतीसाठी मुद्दाम पातळ ठेवलेले असते आणि ज्या इंजिनाच्या उत्पादकाने त्याला स्पष्ट मान्यता दिली आहे, त्यातच घालायचे असते. आपल्या ट्रॅक्टरमध्ये ते घालू नये.

प्रश्न : हिवाळ्यात ट्रॅक्टर रोज अर्धा-पाऊण तासच चालतो. तास कमी भरतात, म्हणून ऑइल बदलणे पुढे ढकलले तर चालेल का?

उत्तर : नाही. थोडा वेळ चालून थांबणाऱ्या इंजिनात ऑइल पुरेसे तापतच नाही. सिलिंडरमध्ये न जळलेले डिझेल रिंगांवरून खाली उतरते, ज्वलनातली वाफ चेंबरमध्ये पाणी होऊन साचते, आणि दोन्ही उडून जाण्याइतकी उष्णता मिळत नाही. इंजिन नुसते चालू ठेवून ते गरम होईल असे मानणे चुकीचे आहे. उलट बिनभाराच्या संथ फेऱ्यांत डिझेल अधिक उतरते. सुरू केल्यावर थोड्या मिनिटांतच हलक्या भाराने काम सुरू करावे आणि जमेल तेव्हा एखादे मोठे काम सलग उरकावे.

डिपस्टिक रोज पाहावी. पातळी कमी होणे आपल्याला ठाऊक असते. पण ऑइल न घालता पातळी वाढली असेल, तर आत डिझेल किंवा कूलंट उतरत आहे असे समजावे. वासाने डिझेल ओळखू येते, आणि डिपस्टिकवर किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत दुधाळ थर दिसला तर पाणी असते. इतके तास झालेल्या इंजिनासाठी ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे मला सर्वांत मोलाचे वाटते. सिलिकॉन वाढले तर धूळ शिरते आहे, सोडियम किंवा पोटॅशियम वाढले तर कूलंट, आणि शिसे व तांबे वाढले तर बेअरिंगे झिजत असण्याची शक्यता आहे. एका अहवालापेक्षा लागोपाठच्या अहवालांतला कल पाहावा. तपासणी शक्य नसेल, तर पुस्तिकेतली प्रतिकूल परिस्थितीसाठीची कमी मुदत पाळावी.

प्रश्न : ब्लॉक हीटर लावला तर १५डब्ल्यू-४० पुरेल का? पूर्वी काही जण ऑइलमध्ये रॉकेल मिसळत, ते योग्य आहे का?

उत्तर : ब्लॉक हीटर कूलंट तापवतो, त्यामुळे सिलिंडर उबदार होतात आणि इंजिन लवकर पेटते, पण चेंबरमधले ऑइल त्याने फारसे तापत नाही. त्यासाठी चेंबरला बाहेरून लावायचा कमी क्षमतेचा हीटर मिळतो. दोन्ही असतील आणि रोज काही तास आधी चालू करता येत असतील, तर १५डब्ल्यू-४० वर निभावेल. वीज गेलेल्या पहाटेचा विचार करून मी तरी हीटर असतानाही ५डब्ल्यू-४० च घालेन. रॉकेल किंवा डिझेल मुळीच मिसळू नये, कारण इंजिन तापल्यावर बेअरिंगांमधला ऑइलचा थर त्याने धोकादायकरीत्या पातळ होतो. चेंबरखाली उघडी ज्योत धरणे तर जिवावर बेतू शकते.

सेल्फ मारताना गिअर न्यूट्रलला ठेवून क्लच पूर्ण दाबावा. गिअरबॉक्समधले गोठलेले ऑइल घुसळण्याचा भार मग सेल्फवर येत नाही. तेवढे करूनही सेल्फ जड वाटला, तर ऑइलला दोष देण्यापूर्वी बॅटरी आणि तिच्या केबल तपासाव्यात, कारण गारठ्यात बॅटरीची ताकदही बरीच घटलेली असते.