आर्क्टिक मंकीज या बँडचे संगीत इतके कसे बदलत गेले?

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या शाळकरी मित्रांनी २००२ मध्ये उभा केलेला हा रॉक बँड, कार्यक्रमांत फुकट वाटलेल्या सीडींमधली गाणी चाहत्यांनी इंटरनेटवर पसरवल्यामुळे गाजला आणि जानेवारी २००६ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमच्या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये ३,६०,००० हून अधिक प्रती खपल्या. तेव्हाचे त्यांचे संगीत म्हणजे भरधाव गिटार आणि अस्सल यॉर्कशायरी उच्चारांत टॅक्सीतली भांडणे, नाइटक्लबच्या दारावरचे रखवालदार टिपणारे, बँडचे गायक-गीतकार अ‍ॅलेक्स टर्नर यांचे शब्द. खरे वळण मात्र, माझ्या मते, २००९ च्या ‘हम्बग’ या अल्बमने दिले, अमेरिकी रॉक संगीतकार व निर्माते जॉश हॉमी यांच्यासोबत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ध्वनिमुद्रण करताना लय संथावली आणि गिटारचा नाद गडद झाला. २०१३ च्या ‘एएम’मधला जडशीळ ठेका मला त्याचेच फळ वाटतो. पुढे २०१८ च्या अल्बमची गाणी तर टर्नर यांनी गिटारऐवजी पियानोवर रचली.