हत्यार शाळेतच राहू दे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तालुक्याच्या केंद्रात नवी यंत्रं येणार, म्हणून शाळेतली कार्यशाळा तिकडे हलवायची. गाव चिडलंय, आणि तुला दोन्ही बाजू पटतायत. मलाही पटल्या होत्या रे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात एका शाळेतली कौशल्य-प्रयोगशाळा आसपासच्या शाळांनीही वापरावी असं सुचवलंय. वापरावी की! पण म्हणून चालती कार्यशाळा मोडायची? हत्यार मुलांच्या शाळेत हवं.

शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, हाताने काम करत शिकायची शाळा. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तिथूनच शाळाशाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं हाताने काम करतात आणि ते काम गावाचं असतं. शेतातली माती तपासायची, बायकांचं हिमोग्लोबिन बघायचं, कुणाचं मोडकं फाटक जोडायचं. ते फाटक चौदा किलोमीटरवरच्या केंद्रात कोण नेणार? तिथे मुलं पट्टीला पट्टी जोडतील आणि तुकडा भंगारात जाईल. यालाच शिक्षण म्हणायचं असेल, तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

रागावू नकोस. माझ्या शाळेतलं सामान हललं तेव्हा कागदावर सही माझी होती. छत गळत होतं, ग्राइंडर गंजत होता, निदेशकाचं मानधन थकलं होतं. यंत्रं वाचावीत म्हणून मी सही केली. हे खोटं नाही, आजही सांगतो. यंत्रं वाचलीही. पण महिन्याभरात नववीतल्या सहा मुली यायच्या थांबल्या. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण पासाला गाडी लागते, आणि परतीची गाडी संध्याकाळी साडेसहाची. त्यातली एक डावखुरी होती. उजव्या हातात डोळ्यांपुढे काळी काच धरून वेल्डिंग करायची, मग हातोडीने जोडावर जमलेली मळी उडवायची, की खाली टाक्यांची सरळ रेघ. शाळेच्या फाटकावर तिचा जोड अजून आहे. मी तिच्या घरी एकदाही गेलो नाही.

म्हणून परत सांगतो, हत्यार शाळेत हवं. जुनं असलं तरी चालेल. नवं यंत्र बघायला महिन्यातून एकदा खुशाल केंद्रावर न्या मुलांना.

शुक्रवारी ग्रामसभा आहे ना? ठरावात नुसता ‘विरोध’ लिहू नका. अंतर लिहा, गाड्यांच्या वेळा लिहा, आठवी ते दहावीच्या मुलींचा आकडा लिहा, आणि वर्षभरात मुलांनी गावाची कोणती कामं केली त्याची यादी जोडा. छपराचा खर्चही मागा, तिथेच मी फसलो.

सकाळच्या गाडीने येतोय.

तुझा,
सर