भाषा शिकायची तर पदवी कशाला?

प्रश्न : माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी झाली. मोबाइलवर बघून बघून तिने इटालियन शिकायला घेतली आणि आता पदवीच इटालियन भाषा आणि संस्कृतीत करायची, तीही जमलं तर इटलीत, असा हट्ट धरून बसली आहे. आमची द्राक्षबाग आहे; पैशाचं सोंग आणता येत नाही. भाषा क्लास लावूनही येते, मग तीन वर्षं त्यातच कशाला घालवायची? आणि नाशिकला राहून सुरुवात करता येईल का?
– एक वडील, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नमस्कार दादा. नुसतं बोलायला यायला हवं असेल, तर क्लास पुरतो. मीही नाशिकमध्ये तेच शिकवते. इटलीतल्या पदवीत मात्र बोलणं शिकवत बसत नाहीत, ते येतंय असं धरूनच पहिल्या दिवसापासून वर्ग सुरू होतो. भाषेचा इतिहास, भाषाशास्त्र, साहित्य, कलेचा इतिहास आणि पुष्कळ ठिकाणी थोडी लॅटिनही. इटली हा एक देश म्हणून 1861 मध्ये उभा राहिला. तोवर बहुतेक माणसं घरीदारी आपापल्या मुलखाची बोली बोलत होती. मग आजची इटालियन आली कुठून, तर मुख्यतः फ्लोरेन्सच्या जुन्या साहित्यातून, म्हणजे दान्ते, पेत्रार्क आणि बोकाचो यांच्या लिखाणातून. हे समजून घ्यायला तीन वर्षं जास्त नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

तुमची मुलगी तिथे रिकाम्या हाताने जाणार नाही. ज्ञानेश्वरी नेवाशाला 1290 साली लिहून झाली. दान्ते त्याच काळातला, फ्लोरेन्समधून हद्दपार झालेला, 1321 मध्ये हद्दपारीतच रावेन्ना शहरात वारला. दोघांनीही पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत मोठा ग्रंथ रचला. दान्तेने तर लोकभाषेची बाजू मांडणारा वेगळा ग्रंथ लिहिला, तोही लॅटिनमध्ये. मी इटलीत पेरूजाला शिकत असताना हे वर्गात बोलले, तेव्हा प्राध्यापकांनी ओवी म्हणून दाखवायला सांगितली आणि तिच्या यमकांवरून बराच वेळ चर्चा झाली. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीवर लहानपणापासून गेलेल्या पोरीला हा विषय परका वाटणार नाही.

तिथल्या परीक्षेविषयी मात्र आधीच सांगते, कारण आपली मुलं तिथेच गडबडतात. बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते. समोर प्राध्यापक, मागे आपला नंबर यायची वाट बघणारी इतर मुलं. ती ऐकू शकतात, कारण तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते. दान्तेचं पान उघडतात, तीन ओळी वाचायला लावतात. अकरा अक्षरांची चाल सांभाळून वाचायचं, मग प्रत्येक ओळीचा अर्थ, त्यातली माणसं, मागचं राजकारण. गुण तीसपैकी, पास व्हायला 18 लागतात. गुण पटले नाहीत तर नाकारून पुढच्या फेरीला पुन्हा बसता येतं. गाइड पाठ करून इथे निभाव लागत नाही. तिला घरी तुमच्यासमोर उभं राहून दहा मिनिटं एखाद्या विषयावर बोलायची सवय आतापासूनच लावा, मराठीत का होईना.

नाशिकला सुरुवात? हो, आणि मी तर म्हणेन इथेच करायला हवी. इटालियनमधून शिकवल्या जाणाऱ्या पदवीला साधारणपणे बी-2 पातळी लागते. भाषा किती येते हे मोजायच्या युरोपातल्या सहा पातळ्यांमधली ही चौथी. सिएनाच्या विद्यापीठाची चिल्स आणि पेरूजाची चेली ही दोन्ही प्रमाणपत्रं चालतात. तिला एक वर्ष द्या, रोज दोन तास, शिक्षकाबरोबर. उच्चारांत मराठी मुलांना फायदा आहे. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून, आणि जोडाक्षरं ‘पक्का’, ‘कच्चा’सारखी ठासून. इंग्रजी वळणाचा ट, ड मात्र सोडायला लावा. वर्षभरात बी-1 सुद्धा झाली नाही, तर इटलीचा विचार लांबवा, एवढं मी स्पष्टच सांगते.

ते झाल्यावर दोन वाटा. दिल्ली विद्यापीठात इटालियनची ऑनर्स पदवी आहे, प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून. खर्चाच्या दृष्टीने ही वाट हलकी. दुसरी वाट पेरूजा किंवा सिएना, दोन्ही विदेशी विद्यार्थ्यांसाठीची विद्यापीठं. दहावी-बारावी मिळून आपली 12 वर्षं होतात, त्यामुळे बारावीवर अर्ज करता येतो. तो युनिव्हर्सिटॅली या सरकारी पोर्टलवरून, पुढे व्हिसा मुंबईच्या वकिलातीमार्फत. एजंटाला मोठी रक्कम देऊ नका, यातलं बहुतेक काम मुलगी स्वतः करू शकते.

पैशाचं म्हणाल तर सरकारी विद्यापीठांची फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रांतांच्या शिष्यवृत्तीत वसतिगृह, जेवणही मिळू शकतं. पहिल्या वर्षी मुख्यतः उत्पन्न पाहतात, पुढे श्रेयांक वेळेत पूर्ण करावे लागतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसल्याने तुमच्याकडे रिटर्न नसेल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जमीन आणि घराची कागदपत्रं यांची भाषांतरं आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, करून ठेवावी लागतील. यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.

आणखी एक. दक्षिणेतल्या पूल्या प्रांतात खायच्या द्राक्षांच्या बागा तुमच्यासारख्याच मांडवावर असतात. वरून प्लॅस्टिक टाकून तोडणी लवकर किंवा उशिरा आणतात. त्या शेतकऱ्यांशी, तिथल्या यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस आपल्या जिल्ह्यात आजही सहज मिळत नाही. नोकरी कुठे, या तुमच्या न विचारलेल्या प्रश्नाचं हे एक उत्तर. दुसरं म्हणजे भाषांतर आणि शिकवणं, त्यात पैसा हळूहळू येतो.

चिल्सची परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असते. तिचा निकाल हातात आला की मला पुन्हा लिहा. दिल्ली की पेरूजा, ते तेव्हा तिच्या गुणांवरून ठरवू.