वाचकांचे प्रश्न : फ्रान्सच्या खेड्यातली माणसं मोजतात कशी?

प्रश्न : फ्रान्समधल्या एकाच खेड्याच्या लोकसंख्येचे दोन आकडे दिसतात आणि ते दर वर्षी बदलतातही. तिथे दर वर्षी जनगणना होते का?

उत्तर : होते, पण सगळीकडे एकदम नाही. २००४ पासून १०,००० पेक्षा कमी वस्तीच्या कम्यूनचे (आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळचं एकक, वाड्या-वस्त्याही त्यातच) पाच गट केले आहेत. दर वर्षी एका गटाची जानेवारी-फेब्रुवारीत घरटी मोजणी होते. प्रगणक मेअरच्या कचेरीने नेमलेला असतो. तो आधी गावभर फिरून घरांची यादी पक्की करतो, मग फॉर्म ऑनलाइन भरण्यासाठी पत्रक देतो. नको असेल तर कागदी फॉर्म.

मधल्या वर्षांचे आकडे इन्से ही सांख्यिकी संस्था गणिताने काढते. सगळ्या गावांची तारीख एकच यावी म्हणून लागू होणारा आकडा तीन वर्षं मागचा असतो : १ जानेवारी २०२४ ला लागू झालेला आकडा १ जानेवारी २०२१ चा. त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्षांची तुलना करून ‘गाव ओस पडतंय’ म्हणणं चूकच. किमान पाच वर्षांचं अंतर ठेवा. कोविडमुळे २०२१ ची फेरी वर्षभर पुढे गेली, म्हणून तो काळ मध्ये येत असेल तर सहा.

दोन आकड्यांचं कारण वेगळं आहे. शिक्षणासाठी शहरात राहणारा सज्ञान मुलगा शहरात मोजला जातो, पण आईवडिलांच्या गावाच्या ‘एकूण’ लोकसंख्येत पुन्हा धरला जातो. दुहेरी मोजणी नसलेला, ‘म्युनिसिपल’ म्हटला जाणारा आकडाच तुलनेला वापरा. सुट्टीपुरती उघडणारी घरं माणसांत मोजत नाहीत. पण सरकारी अनुदान ठरवताना अशा प्रत्येक घरामागे साधारण एक माणूस जास्त धरतात. डोंगराळ गावांच्या तिजोरीला हा मोठाच आधार.

आकडा एकदम फुगलेला दिसला, तर शेजारची गावं विलीन झाली आहेत का ते आधी बघा.

प्रश्न : शून्य वस्तीचं गाव कागदावर राहू शकतं?

उत्तर : राहतं. पहिल्या महायुद्धातल्या, १९१६ च्या व्हर्दँच्या लढाईत बेचिराख झालेल्या गावांपैकी फ्लरी-दव्हाँ-दुओमाँसह सहा गावं आजही शून्य लोकसंख्येची कम्यून आहेत. मतदारच नसल्यामुळे त्यांचा कारभार प्रीफेक्टने (जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी) नेमलेली तीन जणांची समिती पाहते.