हाताने काढलेल्या नक्षीदार आद्याक्षरांचा फॉन्ट कसा करावा?

देवळाच्या स्मरणिकेतल्या लेखांच्या सुरुवातीला येणारी मोठी आद्याक्षरं तुम्ही कावी पद्धतीने काढलीत आणि आता त्यांचा फॉन्ट कसा करायचा असं विचारताय. कावीची निवड मला फार आवडली. या पद्धतीत आपल्या गोव्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडा थर कोरून खालचा पांढरा चुना उघडा केलेला दिसतो. दोनच रंग, मधली छटा नाही. साध्या फॉन्टलाही हेच लागतं: एकतर शाई, नाहीतर कागद.

मी फोंड्यात डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायचं काम करतो. मागे एका नाटकाच्या हस्तपत्रिकेसाठी 'ग' केला होता. डावीकडची गाठ आणि उभा दंड यांच्यामध्ये वेल घातली. स्क्रीनवर सुरेख दिसली, पण छापल्यावर वेलीभोवतीची पांढरी रेघ शाईने बुजली आणि अक्षर ओळखू येईना. म्हणून आधी प्रत्यक्ष मापात, समजा दोन सेंटिमीटर उंचीत, प्रिंट काढा. जिथे बुजतंय तिथे मूळ चित्रातच वेल पातळ करा.

मग ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन, इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये 'ट्रेस बिटमॅप' चालवून चित्राच्या रेषा करणं, आणि जास्तीचे नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, कमी करणं. यात घाई नको, कागदाचा प्रत्येक खरखरीत ठिपका नोड होऊन बसतो. तयार झालेली एसव्हीजी, म्हणजे रेषांची फाइल, फाँटफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये आणा. दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. पांढऱ्या जागा काळ्या भरल्या तर 'करेक्ट डायरेक्शन' चालवा. आतल्या आणि बाहेरच्या रेषांची दिशा उलट असावी लागते. सगळ्या अक्षरांची शिरोरेषा एकाच उंचीवर ठेवा, म्हणजे मजकुराच्या पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी ती जुळवता येईल.

खरी अडचण वेगळीच आहे. तुम्ही 'श' काढलाय, पण लेख 'शिवरात्री'ने सुरू झाला तर? नुसता 'श' मोठा करून वेलांटी बारीक सोडता येत नाही. म्हणून आधी स्मरणिकेतल्या लेखांची सुरुवात पाहा आणि 'शि', 'श्री', 'गो' अशी लागणारी अक्षरं अखंड काढा. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला ठरलेला क्रमांक असतो. 'क' ०९१५ वर बसतो, तसे सुटे वर्ण आपापल्या जागी ठेवा. जोडलेली अक्षरं युनिकोडने मोकळ्या सोडलेल्या खाजगी वापराच्या जागेत, ई०००पासून पुढे. त्या जागेतलं 'श्री' पीडीएफमध्ये शोधलं तर सापडत नाही. छापील अंकाला ते चालतं, वेबसाइटसाठी मात्र ही वाट धरू नका.

दोन रंग हवे असतील तर फॉन्टही दोन करा, एकात फक्त नक्षीची चौकट, दुसऱ्यात फक्त अक्षर, आणि दोन्हींची रुंदी अगदी सारखी. एकावर एक ठेवून मागच्याला काव, म्हणजे तांबडा रंग द्या.