मळमळ थांबली, पण हालचाल का जाणवत नाही?

प्रश्न : हे माझे पहिलेच गरोदरपण असून सध्या १५ वा आठवडा सुरू आहे. सतत होणारी मळमळ गेल्या काही दिवसांत एकाएकी थांबली. बाळाची हालचाल अजून मुळीच जाणवत नाही. कुशीवर वळताना किंवा शिंकताना मात्र जांघेत कळ येते आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. बाळाची वाढ थांबली तर नसेल ना?

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी या आठवड्यांत नेहमी आढळतात आणि त्यांतील एकीवरूनही वाढ थांबली असे म्हणता येत नाही. मळमळीचा संबंध एचसीजी या संप्रेरकाशी जोडला जातो. त्याचे प्रमाण साधारण ८ ते ११ व्या आठवड्यांत सर्वाधिक असते आणि नंतर उतरते. तोपर्यंत गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करण्याचे काम अंडाशयाकडून वारेने (प्लासेंटाने) आपल्याकडे घेतलेले असते. मळमळ चालू असताना ती कधी थांबेल आणि थांबल्यावर ती का थांबली, हे दोन्ही प्रश्न बहुतेक जणी विचारतात, आणि दोन्ही रास्तच आहेत.

बाळ हलत असतेच. डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर लांबीचे हे बाळ हातपाय झाडते, गर्भजल गिळते आणि लघवीवाटे ते पुन्हा बाहेर टाकते. त्याच्या पापण्या मात्र मिटलेल्याच असतात. इतक्या लहान जिवाचे धक्के गर्भजलातच विरत असल्यामुळे ते आईपर्यंत पोहोचत नाहीत. पहिल्या खेपेस हालचाल बहुधा १८ ते २० व्या आठवड्यांत कळते; वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल, तर आणखी उशीर होऊ शकतो. सुरुवातीची जाणीव पोटात बुडबुडे फुटल्यासारखी असते आणि अनेकींना ती गॅसेसच वाटते. मनाची खात्री हवी असल्यास पुढच्या तपासणीत डॉप्लरवर हृदयाचे ठोके ऐकवण्यास सांगावे. मिनिटाला ११० ते १६० ठोके ही सर्वसाधारण मर्यादा आहे.

जांघेतील कळ गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या गोल बंधांची असण्याचा संभव अधिक आहे. १२ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय कटिरातून, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीतून, वर येऊ लागते आणि १६ व्या आठवड्यापर्यंत जांघेचे हाड व बेंबी यांच्या साधारण मध्यावर पोहोचते, त्यामुळे हे बंध ताणले जातात आणि झटकन हालचाल केली की कळ उठते. कूस बदलताना गुडघे दुमडून सावकाश वळावे, शिंक येतेसे वाटताच किंचित पुढे वाकावे. कळ काही क्षणांत शमत असेल, तर औषधाची गरज नाही.

हिरड्यांचा रक्तपुरवठा संप्रेरकांमुळे वाढतो आणि त्या हुळहुळ्या होतात. रक्त येते म्हणून दात घासणे बंद करणे हा सर्वांत चुकीचा उपाय होय. मऊ ब्रश वापरावा आणि दंतवैद्यांना दाखवावे, कारण दातांच्या उपचारांसाठी हीच तिमाही सर्वांत सोयीची असते.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, लाटेसारख्या येणाऱ्या कळा, ताप, लघवीची जळजळ किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाल्यास मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी सहसा १८ ते २२ व्या आठवड्यांत होते. तिची वेळ आताच ठरवून ठेवावी.