सिस्टर हातानेच तपासणार, मग जाऊन उपयोग काय?

प्रश्न : माझं वय ४२. आशाताईंनी घरी येऊन फॉर्म भरला आणि आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) स्तनांच्या तपासणीला बोलावलं. तिथे मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) मशीन नाही, सिस्टर हातानेच बघतात. मला त्रासही काही नाही. जाऊ का?

उत्तर : जरूर जा. सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच बायका ती अंगावर काढतात.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकीची ही तपासणी दर ५ वर्षांनी करायची असते. हाताच्या तपासणीला आधार मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियलने १९९८मध्ये सुरू केलेला दीड लाख स्त्रियांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिथे शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर २ वर्षांनी तपासत. स्तनांचा कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याआधीच्या वयात मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणून ‘काही नाही’ असं सांगितलं तरी पुढची ५ वर्षं निर्धास्त राहू नका.

पाळी येत असेल तर ती सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी जा. तेव्हा स्तन कमी ताठर असतात. ब्लाउज काढूनच तपासायचं असतं. आधी बसवून, हात कमरेवर दाबून आणि मग वर करून, कातडी कुठे ओढली जाते का, बोंड आत गेलंय का, हे बघतात. मग झोपवून मधल्या ३ बोटांच्या पेरांनी, आधी हलकं, मग मध्यम, मग खोल दाबत, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत पट्ट्यापट्ट्याने चाचपतात. काख आणि हाडाच्या वरचा खळगाही. कपड्यांवरून अर्ध्या मिनिटात उरकलं, तर ती तपासणी नव्हेच. ‘ताई, काख बघायची राहिली,’ असं बिनदिक्कत सांगा.

घोळ होतो तो यानंतर. सिस्टरनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली की ती पेरणीनंतर, लग्नसराईनंतर म्हणत डब्यात पडून राहते. चिठ्ठी म्हणजे कर्करोग नव्हे, बऱ्याच गाठी साध्याच निघतात. पण ते ठरवतात मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. आणि कुणी सुईची तपासणी न करताच ‘गाठ काढून टाकू’ म्हणालं, तर थांबा. कर्करोग निघाला तर अर्धवट शस्त्रक्रियेमुळे पुढचे उपचार अवघड होतात.